अशुद्ध कॅसेट

मानवी संस्कृती शांततेवर उभी आहे. जगातली मोठी कामं, मग ती तपश्चर्या असो, शस्त्रक्रिया असो की राज्यघटनेचा मसुदा असो, आजूबाजूला कोणी आवाज करत नसेल तरच पार पडतात. हे मला एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत कळलं. आमच्या वरच्या मजल्यावर ढुंढिराज गायधनी राहायचे आणि दर बुधवारी संध्याकाळी टीव्हीवरची गाणी टेप करायचे. तेवढा अर्धा तास आमच्या इमारतीत शिंकायची सोय नव्हती.

टेप करायचे म्हणजे वायरबियर काही नाही. गायधनींचा टीव्ही लाकडी शटरचा, काळा-पांढरा. त्याला मागे अँटेना लावण्यापलीकडे काही करता यायचं नाही. त्यामुळे टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टूल, स्टुलावर घडी घातलेली सतरंजी, सतरंजीवर टू-इन-वन, आणि त्याच्यासमोर मांडी घालून स्वतः गायधनी, एक बोट रेकॉर्डच्या बटणावर आणि दुसरं पॉजच्या. निवेदिका बोलायला लागली की पॉज. गाणं सुरू झालं की पॉज सोडायचा. त्या एका बोटात त्यांची जी चपळाई होती ती ऑफिसात कोणी कधी पाहिली नाही. मी, म्हणजे आहेर, त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो, भंडार विभागात, म्हणून खात्रीने सांगतो.

गायधनी घराणं त्र्यंबकचं. त्यांचे दोन्ही भाऊ तिथे यजमानांची कार्यं चालवायचे. हे एकटेच नोकरीत आले. घरातली पौरोहित्याची गादी सुटली, पण सोवळं काही सुटलं नाही. ते टेपरेकॉर्डरकडे वळलं. बुधवारी ऑफिसातून आले की अंघोळ. मग टेपचं डोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. पंखा बंद, फ्रिज बंद, गॅस बंद. इंदिरावहिनी भाजी चिरून ठेवत, पण फोडणी साडेआठनंतर. यशोधन आणि वल्लरी ही दोन्ही मुलं पलंगावर अशी बसत की पाहुण्यांना वाटावं, घरात काहीतरी वाईट घडलंय. केंद्राचा भोंगा वाजला तर तेवढा चालायचा. भोंगा हा निसर्ग आहे, असं गायधनींचं मत होतं.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी संकल्प. कॅसेटवर चिकटवलेलं लेबल पावसाळ्यात सुटतं, म्हणून कशात काय आहे हे ते कॅसेटीच्या आतच बोलून ठेवत. पण बोलणार कोण, तर त्र्यंबकचा गायधनी. त्यामुळे प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला खर्जातला आवाज यायचा: शके अमुक, अमुकनाम संवत्सरे, दक्षिणायने, वर्षा ऋतौ, गोदावर्याः दक्षिणे तीरे, एकलहरे औष्णिक विद्युत केंद्र वसाहत, इमारत क्रमांक सोळा, चित्रपटगीते, भाग दुसरा. त्यानंतर लगेच तबला. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटायचं की आता पाणी सोडायचंय.

वसाहतीत लोक हसायचे. "गायधनी, या बुधवारी कोणाचा अभिषेक?" असं कॅन्टीनमध्ये विचारायचे. नाशिकरोडच्या दुकानात जाऊन गाणी भरून आणायची सोय असताना हा माणूस घर बंद करून बसतो, याचं लोकांना नवल वाटायचं. गायधनी म्हणायचे, "दुकानातली कॅसेट विकत मिळते. ही मिळत नाही." हे खरंच होतं, पण कोणाला ती नकोच होती.

अशा शुद्ध, निःशब्द कॅसेटींनी तीन ट्रंका भरल्या. त्यात अशुद्ध निघाली ती एकच.

ती चौऱ्याण्णवच्या श्रावणातली. पंचमीच्या आदला दिवस, बुधवार. त्या दिवशी बायका भावाचा उपवास करतात, तसा इंदिरावहिनींनीही केला होता. आणि ज्याच्यासाठी उपवास धरला तो भाऊच संध्याकाळी नांदगावहून दारात उभा राहिला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. आता बहिणीने काय करावं? तिने हिशेब केला, गाणी साडेआठला संपतात, कुकर आत्ता चढवला तर पहिली शिट्टी होईपर्यंत कार्यक्रम संपलेला असेल. शेजारच्या बर्नरवर चहासाठी दूध ठेवलं. हिशेबात चूक काही नव्हती. फक्त मधेच टीव्हीवर 'व्यत्यय'ची पाटी आली आणि कार्यक्रम लांबला. तेवढ्या वेळात गायधनींनी नवी कॅसेट घालून तिचा संकल्पही उरकून घेतला.

त्या वेळी लागलं होतं पंचमीचं गाणं. झोक्याचं. गाणारी बाई कोण होती ते कोणाला कळलं नाही, कारण नाव पाटीसकट व्यत्ययात गेलं. पण आवाज असा की खालच्या मजल्यावर माझी बायको भाकरी थापता थापता थांबली. दुसऱ्या कडव्याला पहिली शिट्टी. गायधनींनी मान न वळवता उजवा हात हवेत वर केला. दुसरी शिट्टी. मग इंदिरावहिनींचा आवाज: "अहो, दूध!" मग दारावर थाप आणि एक भसाडा पुरुषी आवाज: "गायधनी, आजचा पेपर आहे का?" मग तिसरी शिट्टी. गाणं तोवर शेवटच्या तानेवर आलं होतं. ती तान संपता संपता, इतकी वर्षं रेकॉर्डिंगमध्ये ज्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला त्या ढुंढिराजांच्या तोंडून मोठ्यांदा एकच शब्द गेला: "सत्यानाश!"

पेपर मागणारा मी होतो. भाऊ आलाय, म्हणजे आज रेकॉर्डिंग नसेल, असा माझा समज होता.

भाऊ पंचमीला सकाळीच परत गेला. कॅसेट पुसून टाकायची असं ठरलं होतं, पण ते गाणं पुन्हा कधी लागलंच नाही. गायधनी किती बुधवार वाट बघत बसले. शेवटी त्यांनी कॅसेटीवर लाल शाईने 'अशुद्ध' लिहिलं आणि ती ट्रंकेत न ठेवता स्वैपाकघरातल्या माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांशेजारी ठेवली.

पुढे केबल आली. गाणी बुधवारची राहिली नाहीत, चोवीस तासांची झाली. एवढी गाणी कोण टेप करणार? गायधनींनी स्टूल परत स्वैपाकघरात दिलं. आणि बघता बघता दोन हजार चारचा श्रावण आला. भाद्रपदात गायधनी निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं होतं. नाशिकरोडला त्यांनी घर घेतलं होतं, पण त्या घरात देव, पलंग आणि कपाट ठेवल्यावर माणसांनी आडवं होऊन चालावं लागेल एवढीच जागा.

यशोधन आता पुण्यात संगणकाच्या नोकरीत होता. तो शनिवारी आला आणि बापासमोर एक चकती ठेवली.

"बाबा, तुमच्या तीनही ट्रंका यात आहेत. जवळजवळ सगळी गाणी. आवाजही चांगला."

गायधनींनी चकती उन्हात धरून उलटसुलट केली. "संकल्प कुठाय?"

"तो कशाला हवा?"

"मग कोणत्या दिवशीची आहेत ते कसं कळणार?"

"बाबा, गाण्याला दिवस नसतो."

गायधनींनी चकती खाली ठेवली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "आहेर, मुलगा शिकला. वाईट नाही. पण शिकला." इंदिरावहिनींनी निकाल दिला होता. पुढच्या रविवारी भंगारवाला येणार, आणि जुन्या पेपरांबरोबर ट्रंका जाणार. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. दहा वर्षं दर बुधवारी उशिराचं जेवण त्यांनीच वाढलं होतं.

आमच्या वसाहतीत त्या सुमारास महिला मंडळाची तयारी चालली होती. श्रावणात नाशिकमध्ये महिला मंडळांची समूहनृत्य स्पर्धा असायची, गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या सभागृहात. यंदा इंदिरावहिनींनी ठरवलं की वसाहत सोडण्याआधी एकदा स्टेजवर जायचं. आणि जायचं तर त्या झोक्याच्या गाण्यावर. दुसरं कुठलंही नको.

त्या आणि बायडाबाई, आमच्या कोळसा विभागातल्या ऑपरेटरच्या मंडळी, निफाडकडच्या, दोघी मेनरोडवरची सगळी कॅसेटची दुकानं फिरल्या. दुकानदारांसमोर गाणं म्हणून दाखवलं. एकाने विचारलं, "कोणत्या पिक्चरचं?" बायडाबाई म्हणाल्या, "पिच्चरचं नाय हो, टीव्हीचं." तो म्हणाला, "मावशी, टीव्हीचं काही येत नाही. टीव्हीचं गेलं की गेलं."

त्या संध्याकाळी इंदिरावहिनी स्टूल घेऊन माळ्याखाली उभ्या राहिल्या. मी तिथे पेपर परत द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यादेखत झालं.

"अहो, ती कॅसेट काढून द्या."

"कोणती?"

"माहितेय तुम्हाला कोणती."

"ती द्यायची नाही. ती लोकांसमोर वाजवायची वस्तू नाही. त्यात कुकर आहे."

"असू दे."

"त्यात तू आहेस."

"असू दे ना. स्टेजवरही मीच आहे." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "हे बघा. बक्षीस आलं तर तुमच्या तिन्ही ट्रंका नव्या घरात येतील. कुठे ठेवायच्या ते मी बघेन. माझा शब्द."

"आणि नाही आलं तर?"

"रविवारी भंगारवाला येतोच आहे."

गायधनी स्टुलावर चढले. माळ्यावरून पणत्या बाजूला सारल्याचा आवाज आला. कॅसेट खाली देताना त्यांनी ती धोतराला पुसली आणि लाल अक्षरं आतल्या बाजूला येतील अशी धरली, जशी आपण डॉक्टरांना दाखवायला नेलेली बाटली धरतो.

तालीम गायधनींच्याच दिवाणखान्यात सुरू झाली. आठ बायका, सगळ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या, आणि टू-इन-वन. इंदिरावहिनींनी नाच बसवला आणि तिथेच ती गोष्ट घडली जी दुसऱ्या कुठल्या मंडळात घडली नसती. त्यांनी नाच गाण्यावर बसवलाच नाही. कॅसेटीवर बसवला.

दुसरा मार्गही नव्हता. गाण्याची लय कुठे बदलते हे आठ जणींपैकी चौघींना कळत नव्हतं. पण कुकरची शिट्टी कोणत्या बाईला कळत नाही? पहिल्या शिट्टीला वर्तुळ उघडायचं. दुसरीला हात धरून झोका. "अहो, दूध!" ला आठही जणींनी एकदम मागे वळून बघायचं. दारावरच्या थापेला उजवा पाय आपटायचा, आणि "पेपर आहे का?" ला चौघींनी कमरेवर हात ठेवून चौघींकडे बघायचं. तिसऱ्या शिट्टीला फुगडी. आणि शेवटी "सत्यानाश!" ला सगळ्या जणी हात वर करून गोल बसणार. प्रवेशसुद्धा संकल्पावर. 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हटलं की पहिल्या चौघी डावीकडून, 'इमारत क्रमांक सोळा' म्हटलं की उरलेल्या उजवीकडून.

आठवडाभर आमच्या छतावर ती फुगडी चालली. आमचा पंखा डुलायचा. माझाच दहा वर्षांपूर्वीचा आवाज दिवसातून पंधरा वेळा पेपर मागायचा आणि वर बायका हसायच्या. मी एकदा वर जाऊन बघितलं. खरं सांगतो, चांगलं झालं होतं. बायडाबाई घाम पुसत म्हणाल्या, "भाऊजी, हे गाणं लय भारी हाय. शिट्टी कुठं टाकायची ते बरोबर समजलंय गाणाऱ्या बाईला."

"बायडाबाई, शिट्टी गाण्यातली नाही. ती यांच्या कुकरची आहे."

त्या इंदिरावहिनींकडे वळल्या. "व्हय वहिनी?"

"हो."

"मग तो मेला पेपर मागणारा?"

"तो हा."

बायडाबाईंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं, नाटकातला कोनी मानूस आसंल," एवढंच म्हणाल्या.

गायधनी त्या आठवड्यात घरी थांबत नव्हते. तालीम सुरू झाली की रेशन दुकानापर्यंत फेरी मारायचे. आपली सर्वात मोठी फजिती आठ बायका पायांत घुंगरू बांधून पाठ करतायत, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी मुलाला पुण्याला फोन केला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण आठवड्याच्या मध्यावर यशोधन रात्रीच्या गाडीने येऊन ते गाणं आपल्या लॅपटॉपमध्ये भरून घेऊन गेला, आणि शनिवारी, स्पर्धेच्या दिवशी, सकाळच्या बसने चकती घेऊन हजर झाला.

"ऐका," तो म्हणाला आणि बापाच्या कानाला हेडफोन लावला.

मी गायधनींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी भुवया वर गेल्या. मग डोळे मिटले. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर यायला लागला, शिट्टी अडवायला, आणि अर्ध्यावर थांबला. शिट्टी आलीच नाही. दूध आलं नाही. पेपर आला नाही. संकल्प नव्हता, सत्यानाश नव्हता. फक्त ती बाई आणि तिचा झोका.

"कसं केलंस रे?"

"जिथं आवाज होता तेवढे तुकडे कापले, बाबा. कडा जुळवल्या. थोडं गाणं गेलं, पण कळत नाही."

गायधनींनी डोळे पुसले. "शुद्ध झालं," म्हणाले. "दहा वर्षांनी शुद्ध झालं." आणि आईला सांगू नकोस, स्टेजवरच ऐकू दे, असं बापलेकांचं ठरलं. प्रेमापोटीच ठरलं. या एका निर्णयात इंदिरावहिनींचा नाच, आठ बायकांची अब्रू आणि तीन ट्रंका, सगळंच त्यांनी पणाला लावलं, हे त्या दोघांना कळलं नाही, आणि मलाही नाही. मीही म्हटलं होतं, "वा, छान."

सभागृह भरलं होतं. आधी तरुण मुलींचे संघ झाले, एकसारख्या साड्या, एकसारखं हसू. मग आमचं नाव पुकारलं. यशोधनने चकती आवाजवाल्याकडे दिली आणि बापाशेजारी येऊन बसला. गायधनी पहिल्यांदा ताठ बसले होते. मांडीवर शबनम पिशवी होती. जुनी कॅसेट तिच्यात होती, कारण मूळ प्रत घरी एकटी ठेवायची नाही, ही त्यांची रीत.

पडदा वर गेला आणि तबला सुरू झाला. स्टेजवर कोणीच नव्हतं.

विंगेत आठ बायका गोदावरीच्या दक्षिण तीराची वाट बघत उभ्या होत्या. ध्रुवपद अर्धं झालं तेव्हा इंदिरावहिनींना काहीतरी कळलं आणि त्यांनी डावीकडच्या चौघींना ढकललं. उजवीकडच्या चौघी 'इमारत क्रमांक सोळा' शिवाय हलायला तयार नव्हत्या. त्यांना हाताला धरून आणावं लागलं. कसंबसं वर्तुळ झालं. वर्तुळ फिरायला लागलं.

आणि फिरतच राहिलं.

शिट्टी झाल्याशिवाय ते उघडणार कसं? पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बायका फिरतायत. बायडाबाईंचा आवाज दहाव्या रांगेपर्यंत आला, "वहिनी, शिट्टी व्हईना!"

"होईल! फिर!"

"चक्कर यायली हो मला!"

मागच्या रांगांतून हसू फुटलं. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. यशोधनचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा," तो म्हणाला, "आईने... शिट्टीवर बसवलंय?" मी मान हलवली. गायधनी स्टेजकडे बघत होते, जसे त्या बुधवारी टीव्हीकडे बघत होते.

इंदिरावहिनी थांबल्या. गाणं चालू असतानाच त्या वर्तुळातून बाहेर आल्या, स्टेजच्या कडेपर्यंत चालत आल्या, हात जोडून परीक्षकांना म्हणाल्या, "माफ करा. हे गाणं आमचं नाही." आवाजवाल्याने चकती बंद केली. सभागृह गप्प झालं. गायधनींना आयुष्यात एवढी शांतता कधी मिळाली नसेल. त्या शांततेत वहिनींनी डोळ्यांवर हात धरून अंधारात नजर फिरवली आणि हाक मारली:

"अहो!"

मी शपथेवर सांगतो, तोच आवाज होता. तीच पट्टी. फक्त पुढे दूध नव्हतं.

गायधनी उठले. गुडघे दुखतात त्यांचे, पण रांगेतून लोकांच्या पायांवरून ते सरळ आवाजवाल्याच्या टेबलापर्यंत गेले. शबनममधून कॅसेट काढली. मी मागोमाग गेलो होतो, त्यामुळे ऐकलं.

आवाजवाल्याने कॅसेट उजेडात धरली. "काका, यावर 'अशुद्ध' लिहिलंय."

"हो," गायधनी म्हणाले. "तीच लावा."

"सीडी चांगली वाजत होती की."

"चांगलीच वाजत होती. तुम्ही ही लावा. आणि आवाज पूर्ण सोडा."

परीक्षकांनी मान डोलावली. पडदा पुन्हा पडला, पुन्हा वर गेला. आणि नाशिकच्या त्या सभागृहात, मोठ्या खोक्यांतून, ढुंढिराज गायधनींचा खर्ज घुमला: शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरे. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी सवयीने डोळ्यांना पाणी लावल्यासारखं केलं. गोदावर्याः दक्षिणे तीरे, आणि डावीकडून चौघी आल्या. इमारत क्रमांक सोळा, आणि उजवीकडून चौघी आल्या, आता हाताला धरावं लागलं नाही. तबला. झोका. ती अनोळखी बाई गायला लागली आणि वर्तुळ फिरायला लागलं.

पहिली शिट्टी.

वर्तुळ फुलासारखं उघडलं. लोक आधी हसले, मग एकदम थांबले, कारण आठ जणींचं पाऊल एकाच क्षणी पडलं होतं. दुसरी शिट्टी, आणि झोका. "अहो, दूध!" आणि आठ माना एकदम वळल्या. सभागृहात निम्म्या बायका होत्या. त्यांतल्या कित्येकींनी त्यांच्याबरोबर मागे वळून पाहिलं, खरोखर, आपल्या खुर्चीत बसून. थाप पडली, पाय आपटले, आणि माझ्या भसाड्या आवाजाने पेपर मागितला तेव्हा जो हशा आणि टाळ्या झाल्या तेवढ्या मला नोकरीत कधी मिळाल्या नाहीत. तिसऱ्या शिट्टीला फुगडी. बायडाबाईंचा पदर सुटला, त्यांनी तो दातात धरला आणि फिरत राहिल्या. गाणारी बाई शेवटच्या तानेवर चढली, सगळं सभागृह पुढे झुकलं, आणि:

"सत्यानाश!"

आठ जणी हात वर करून जमिनीवर बसल्या. लोक उभे राहिले.

परीक्षकांमधले मुख्य गृहस्थ कुठल्याशा महाविद्यालयात नाट्यशास्त्र शिकवत. ते माईकवर आले. "इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "इतका धाडसी ध्वनिप्रयोग मी पाहिलेला नाही. स्त्रीच्या स्वप्नातला झोका आणि तिच्या वास्तवातला कुकर! आधी त्यांनी आपल्याला निर्मळ, खोटं गाणं ऐकवलं, ते मुद्दाम मोडलं, आणि मग खरं गाणं दिलं. ही काय रचना आहे!" यशोधनने मान खाली घातली. "आणि तो पेपर मागणारा पुरुष. बाईचं दूध उतू जातंय आणि त्याला पेपर हवाय. पुरुषी समाजाची बधिरता एका वाक्यात!" मी माझ्या चपलेचा अंगठा तपासला. "आणि शेवटचा तो उद्गार. तो आवाज कोणाचा?"

गायधनी उभे राहिले. "माझा."

"किती उत्स्फूर्त! किती तालमी केल्या?"

"एकच," गायधनी म्हणाले. "पहिलीच."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. गायधनींनी नमस्कार केला, थोडा उशिरा, कारण त्यांना तो आपल्यासाठी आहे हे कळायला वेळ लागला.

प्रौढ महिला गटाचा पहिला क्रमांक जाहीर झाला आणि इंदिरावहिनींनी ढाल दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. परतताना टेम्पोत आठ बायका, ढाल, गायधनी, यशोधन आणि मी. टेम्पोवाल्याकडे कॅसेट वाजवायची सोय होती. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा गाणं शेवटाला आलं आणि टेम्पोतल्या सगळ्यांनी मिळून 'सत्यानाश!' अशी आरोळी ठोकली. शेजारचा रिक्षावाला दचकून हिरवा दिवा लागायच्या आधीच निघून गेला. ती आरोळी ठोकणाऱ्यांत गायधनी सगळ्यात मोठ्याने होते.

जेल रोडला लागलो तेव्हा इंदिरावहिनी म्हणाल्या, "अहो, उद्या भंगारवाला आला की सांगा त्याला, पेपर तेवढे ने. ट्रंकांना हात लावायचा नाही."

"आई, पण ठेवणार कुठे?" यशोधन म्हणाला. "तिथे माझी खोलीच केवढीशी."

"तुझ्याच खोलीत. तू येतोस कधी?"

बायडाबाई खिदळल्या. यशोधनही हसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, त्या कॅसेटीची एक प्रत मला करून द्या. आहे तशी. काही कापू नका." गायधनींनी खिशातून पेन काढलं, टेम्पोच्या दिव्यात कॅसेट धरली, 'अशुद्ध' या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं, आणि काहीही न खोडता ती पुन्हा शबनममध्ये ठेवली. ढाल त्यांच्या मांडीवर होती. नाशिकरोडपासून एकलहऱ्यापर्यंत ते तिच्यावर बोटाने ठेका धरत होते.

ट्रंका भाद्रपदात नव्या घरी गेल्या. ढाल कपाटावर ठेवली.

प्रौढ महिला गटात त्या वर्षी तीन संघांनी नावं दिली होती. बाकीचे दोन आले नव्हते.